हवेतला वाढीव कार्बन माणसाचाच, हे कशावरून?

उष्णतेचा नवा विक्रम झाल्याची बातमी आली, की लोकांमध्ये एक ठरलेला वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, ‘पृथ्वीचं तापमान कायमच वरखाली होत आलंय, त्यात माणसाचा काय संबंध?’ दुसरा म्हणतो, ‘शास्त्रज्ञ सांगतात ना!’ त्यावर पहिला उसळतो, ‘म्हणजे आता इंधनावर आणखी कर लावायला मोकळे!’ इथून पुढे वाद हवेबद्दल चाललाय की कराबद्दल, हे दोघांनाही कळेनासं होतं.

माझ्या मते हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच हा वाद कधी संपत नाही. हवा का तापतेय, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मोजमापातून मिळालेलं आहे. त्यावर उपाय काय करायचा आणि खर्च कुणी सोसायचा, हा दुसरा. त्याचं उत्तर कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही, ते लोकांनीच भांडून, बोलून ठरवायचं आहे. या लेखात मी पहिल्या प्रश्नाला जास्त जागा देणार आहे, कारण ‘शास्त्रज्ञ सांगतात’ हे काही उत्तर झालं नाही. त्यांना ते कसं कळलं, हे विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, आणि ते समजायला शाळेतलं विज्ञान पुरतं.

हवेतला कार्बन मोजतात कसा?

कोळसा, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू यांना जीवाश्म इंधनं म्हणतात, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून आणि समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून ती तयार झाली. ती जाळली की कार्बन डायऑक्साइड हा वायू बाहेर पडतो. हवेत त्याचं प्रमाण फार थोडं असल्यामुळे ते टक्क्यांत न सांगता ‘पीपीएम’मध्ये सांगतात. हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये त्याचे किती रेणू आहेत, तो आकडा म्हणजे पीपीएम.

चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ या डोंगरावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, हे सलग मोजायला सुरुवात केली. शहरांपासून, कारखान्यांपासून आणि जंगलांपासून लांब, भर प्रशांत महासागरातली ही जागा त्याने मुद्दाम निवडली होती. तेव्हा आकडा आला साधारण ३१५. २०२४ ची वार्षिक सरासरी ४२४ च्या पुढे गेली आहे.

यंत्र सतत मोजत असतंच, पण पडताळा म्हणून जगभरातल्या अनेक ठिकाणी काचेच्या बाटल्यांमध्ये हवेचे नमुनेही भरले जातात. त्याची रीत बघण्यासारखी आहे. नमुना घेणारा माणूस वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, बाटली पुढे धरतो, श्वास रोखतो आणि मगच तिची तोटी उघडतो. कारण आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे चार टक्के असतो, म्हणजे मोकळ्या हवेच्या जवळपास शंभर पट. एक उसासा त्या बाटलीत गेला तरी नमुना फुकट.

(इथेच एक शंका मिटवून टाकतो. माणसांच्या श्वासामुळे हवेतला कार्बन वाढत नाही. आपण जो कार्बन बाहेर सोडतो, तो खाल्लेल्या अन्नातला असतो, आणि अन्नातला कार्बन पिकांनी अलीकडेच हवेतूनच घेतलेला असतो. तो जिथून आला तिथेच परत जातो.)

मौना लोआ हा स्वतःच ज्वालामुखी आहे, मग तिथले आकडे खरे कसे मानायचे, असंही विचारलं जातं. प्रश्न चोख आहे. ज्वालामुखीच्या मुखाकडून वारा येतो, तेव्हा आकडे एकदम उड्या मारू लागतात, त्यामुळे ते ओळखू येतात आणि बाजूला काढता येतात. शिवाय दक्षिण ध्रुवावरही १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच मोजमाप चालू आहे आणि तिथला आलेख तसाच चढत गेलेला दिसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा उद्रेक झाला, लाव्हाने केंद्राचा रस्ता आणि वीज दोन्ही तोडलं, तेव्हा काही काळ शेजारच्या मौना केआ शिखरावरून मोजणी चालवली गेली. आलेखाची चढण काही मोडली नाही.

१९५८ च्या आधीचं काय? अंटार्क्टिकात बर्फ थरावर थर साचत गेला, तेव्हा त्या त्या काळची हवा बुडबुड्यांच्या रूपात आत कोंडली गेली. खोलवर भोक पाडून बर्फाचा दांडा वर काढतात, त्याचा तुकडा निर्वातात फोडतात आणि आतून सुटलेली हवा तपासतात. अशी आठ लाख वर्षांची नोंद आज आपल्याकडे आहे. एवढ्या काळात हा आकडा साधारण १८० आणि ३०० यांच्या दरम्यान फिरत राहिला. कारखान्यांचं युग सुरू होण्याआधी तो सुमारे २८० होता.

‘निसर्ग तर आपल्या कितीतरी पट कार्बन सोडतो’

हे विधान अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच ते भल्याभल्यांना चकवतं. झाडं, माती आणि समुद्र मिळून दर वर्षी हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यापुढे माणसाचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आहे. मग पाच टक्केवाल्याला दोष का?

एका संयुक्त बँक खात्याची कल्पना करा. घरातल्या बाकीच्यांचे मोठमोठे व्यवहार त्यात रोज चालतात, कुणी भरतं, कुणी काढतं. तुम्ही मात्र दरमहा फक्त शंभर भरता आणि कधीच काही काढत नाही. महिन्याच्या शेवटी शिल्लक पन्नासच वाढलेली दिसते. बाकीच्यांनी किती भरलं आणि किती काढलं, याचा एकही कागद न बघता तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता, की त्यांनी सगळ्यांनी मिळून भरण्यापेक्षा पन्नास जास्तच काढले. शिल्लक वाढली ती तुमच्या भरण्यामुळे.

हवेचा हिशेब हुबेहूब असाच आहे. इंधन जाळून आणि जंगलं तोडून माणूस दर वर्षी सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. कोळसा, तेल आणि वायू किती खपले याच्या नोंदी सगळे देश ठेवतात, त्यामुळे हा आकडा हवेत मारलेला नाही. हवेतलं प्रमाण मात्र दर वर्षी दोन ते तीन पीपीएमने वाढतं, म्हणजे साधारण २० अब्ज टनांनी. उरलेले २० अब्ज टन समुद्राने आणि झाडामातीने मिळून शोषून घेतले. निसर्ग सोडतो खूप, पण घेतो त्याहून जास्त. तो आज आपलं ओझं हलकं करतोय.

या एका वजाबाकीने ‘हा कार्बन समुद्रातून येतोय’ हा दावाही निकालात निघतो. समुद्र कार्बन देत असता तर त्याची आम्लता घटली असती. प्रत्यक्षात ती वाढते आहे. आम्लता पीएच या आकड्यात मोजतात, आणि पीएच जितका कमी तितकी आम्लता जास्त. पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच सुमारे ८.२ होता, तो ८.१ वर आला आहे. फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण पीएचची मोजपट्टी अशी आहे की एवढ्या फरकाचा अर्थ आम्लता पाव हिश्शाने वाढली असा होतो. ज्वालामुखींचं म्हणाल, तर जगातले सगळे मिळून वर्षभरात जेवढं सोडतात, ते माणसाच्या एक टक्काही भरत नाही.

कार्बनचं वय आणि मूळ

समजा, हा हिशेबही एखाद्याला पटला नाही. मग हवेतल्या कार्बनलाच विचारता येतं, ‘बाबा, तू आलास कुठून?’ मला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

कार्बनचे सगळे अणू एकाच वजनाचे नसतात. बहुतेक अणूंचं वजन १२, शंभरातल्या एखाद्याचं १३, आणि फार म्हणजे फारच थोड्यांचं १४. एकाच मूलद्रव्याच्या अशा कमीजास्त वजनाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात.

कार्बन-१४ वय सांगतो. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तो वातावरणाच्या वरच्या थरांत सतत तयार होतो आणि हळूहळू नष्टही होतो. दर ५,७३० वर्षांनी त्याचे निम्मे अणू उरतात. जिवंत झाडात तो असतोच, पण कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेल्या कोळशात किंवा तेलात त्याचा मागमूसही नसतो. तेव्हा हवेत जुन्या कार्बनची भर पडत असेल, तर कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत जायला हवं. हान्स स्यूस या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात झाडांच्या खोडातली वर्तुळं तपासली, तेव्हा त्याला नेमकं हेच दिसलं. पुढे अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हा हिशेब काही काळ बिघडवला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर गोलार्धाच्या हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर हवेतल्या चाचण्या बहुतेक थांबल्या आणि तो जादा कार्बन-१४ समुद्रात आणि झाडांत मुरत गेला. ती भर ओसरल्यावर पातळ होण्याची मूळ खूण पुन्हा स्पष्ट दिसते आहे.

कार्बन-१३ मूळ सांगतो. झाडं अन्न तयार करताना हलका कार्बन, म्हणजे १२, जास्त पसंत करतात. त्यामुळे वनस्पतींत, आणि वनस्पतींपासून बनलेल्या इंधनांत, कार्बन-१३ चं प्रमाण कमी असतं. समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून येणाऱ्या कार्बनमध्ये ही तूट तशी नसते. हवेतल्या कार्बन-१३ चं प्रमाण गेली अनेक दशकं घसरत आहे.

आता दोन्ही साक्षी एकत्र ठेवा. नवा येणारा कार्बन फार जुना आहे, आणि तो सजीवांपासून आलेला आहे. फार जुना आणि सजीवांपासून बनलेला कार्बन म्हणजे जमिनीखालचं इंधन, दुसरं काय असणार?

तिसरी साक्ष प्राणवायूची. जळायला प्राणवायू लागतो, तेव्हा हा कार्बन जळून आला असेल तर हवेतला प्राणवायूही त्या मानाने घटायला हवा. कीलिंगचा मुलगा राल्फ कीलिंग याने १९८० च्या दशकाच्या शेवटी हे मोजण्याची पद्धत विकसित केली. प्राणवायू खरोखरच घटतो आहे. काळजीचं कारण नाही, तो हवेत जवळपास २१ टक्के आहे आणि ही घट वर्षाला दहा लाखांत काही रेणूंची आहे. पण ज्वालामुखीच्या वायूने किंवा समुद्रातून सुटलेल्या वायूने ती झाली नसती.

‘एवढासा वायू काय तापवणार?’

४२४ पीपीएम म्हणजे ०.०४ टक्के. एवढ्याने पृथ्वी तापते, हे मनाला पटत नाही, हे मी समजू शकतो. पण कोरड्या हवेचा ९९.९ टक्के भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉन या तीन वायूंचा आहे, आणि जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता हे तिन्ही जवळपास अडवतच नाहीत. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडची तुलना सगळ्या हवेशी करण्यात अर्थ नाही. उष्णता अडवण्याचं काम करणारे वायू मोजकेच आहेत आणि त्यांत तो महत्त्वाचा आहे.

हे काही नवं नाही. युनिस फुट या अमेरिकी बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांमध्ये वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि निवायलाही सर्वांत जास्त वेळ लागला. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी अधिक अचूक यंत्र बांधून कोणता वायू उष्णता अडवतो आणि कोणता नाही, हे दाखवून दिलं. असे वायू हवेत नसते, तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. प्रत्यक्षात ते अधिक १५ च्या आसपास आहे.

पाण्याची वाफ याहून जास्त उष्णता अडवते, हेही खरं आहे. पण हवेत वाफ किती मावणार हे तापमानावर ठरतं, जादा झाली की काही दिवसांत पावसाने खाली येते. कार्बन डायऑक्साइड पावसाने खाली येत नाही. आधी तो हवा तापवतो, तापलेल्या हवेत जास्त वाफ मावते आणि ती वाफ आणखी तापवते.

सूर्यच जास्त तापला असेल तर?

सूर्याची ऊर्जा १९७८ पासून उपग्रह थेट मोजत आहेत. ती ११ वर्षांच्या चक्रात सुमारे ०.१ टक्क्याने वरखाली होते, पण तापमान चढत गेलं त्या काळात तिच्यात चढण नाही.

याहून पक्का पुरावा मात्र उंचावर आहे. आपण राहतो त्या खालच्या थराला तपांबर म्हणतात, त्याच्या वर स्थितांबर. सूर्य जास्त तापला असता, तर दोन्ही थर तापले असते. कार्बन डायऑक्साइडमुळे मात्र उलट व्हायला हवं. खाली तो उष्णता अडकवतो, तर वरच्या विरळ हवेत तो स्वतःजवळची उष्णता अवकाशात फेकतो. म्हणजे खालचा थर तापणार आणि वरचा गार होणार. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये गणित मांडून हे आधीच सांगितलं होतं. नंतर उपग्रहांनी तेच दाखवलं. ओझोन कमी झाल्याचाही त्यात वाटा आहे, पण स्थितांबराच्या अगदी वरच्या भागातलं थंड होणं मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचं आहे. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

‘हिमयुगं संपली तेव्हा कुठे कारखाने होते?’

नव्हतेच. पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात हजारो वर्षांच्या चक्राने होणाऱ्या बदलांमुळे तेव्हा उन्हाची वाटणी बदलली. समुद्र तापले, त्यांनी कार्बन सोडला आणि त्या कार्बनने तापमान आणखी वाढवलं. त्यामुळे जुन्या बर्फात काही ठिकाणी तापमान आधी आणि कार्बन मागाहून वाढलेला दिसतो. यातून एवढंच कळतं की कार्बन वाढण्याची कारणं एकाहून जास्त असू शकतात. या वेळचं कारण कोणतं, ते वरच्या साक्षींनी सांगितलं आहे. वेगही बघा. हिमयुग संपताना शंभर पीपीएमची वाढ व्हायला काही हजार वर्षं लागली. कीलिंगने मोजायला सुरुवात केल्यापासून तेवढी वाढ होऊन गेली, आणि ती सुरुवात बघितलेली माणसं आजही हयात आहेत.

खात्री कुठे नाही?

हे न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. हवेतला कार्बन दुप्पट झाला तर तापमान नेमकं किती वाढेल? १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका शास्त्रीय समितीने १.५ ते ४.५ अंश सेल्सियस असा अंदाज दिला. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीने, २०२१ मध्ये तो २.५ ते ४ अंशांवर आणला. चाळीस वर्षांत एवढीच प्रगती झाली, कारण ढगांचं वागणं फार किचकट आहे. काही ढग ऊन परतवतात, काही उष्णता कोंडतात, आणि तापलेल्या जगात कोणते वाढतील हे पुरतं उलगडलेलं नाही. एखाद्या विशिष्ट प्रदेशात पाऊस किती बदलेल, हे सांगणं त्याहून अवघड.

पण ही अनिश्चितता ‘किती’ची आहे, ‘का’ची नाही. दोन्ही अंदाजांच्या तळाशीही शून्य नाही. आणि परिणाम किती वाईट होतील हे ठाऊक नसणं, हे निर्धास्त राहण्याचं कारण असूच शकत नाही. वरच्या टोकाचा आकडा खरा ठरला तर काय, याचाही विचार करावाच लागतो.

आता दुसरा प्रश्न: करायचं काय?

विज्ञान इथे एकच कठोर गोष्ट सांगतं. तापमान ठरतं ते आजवर सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडवर. दर १,००० अब्ज टनांमागे साधारण ०.४५ अंश. याचा अर्थ उत्सर्जन नुसतं कमी केलं, तर तापमान वाढण्याचा वेग कमी होतो, वाढ थांबत नाही. ती थांबवायची तर आपण सोडतो तेवढा कार्बन काढूनही घ्यायला हवा, म्हणजे निव्वळ भर शून्य. ‘नेट झिरो’ हे शब्द बातम्यांत येतात ते यासाठी. ही काही घोषणाबाजी नाही, वरच्या खात्याच्या हिशेबातूनच ते येतं.

शून्यावर कसं पोचायचं, यावर मात्र प्रामाणिक माणसांचं एकमत नसतं, आणि त्यात वावगं काही नाही. अणुऊर्जा वाढवायची की नाही? कार्बनवर कर लावायचा, की स्वच्छ ऊर्जेला अनुदान द्यायचं? अमेरिकेने जगाच्या आजवरच्या इंधनजन्य उत्सर्जनात साधारण पाव वाटा उचलला आहे, मग उशिरा विकसित होणाऱ्या देशांनी त्याच वेगाने ब्रेक लावायचा का? यात न्यायाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बाटलीतल्या हवेत सापडत नाही.

देशांचे अनुभवही वेगवेगळे आहेत. स्वीडनमध्ये कार्बनवरचा कर १९९१ पासून चालू आहे. फ्रान्समध्ये इंधनावरच्या करवाढीविरुद्ध २०१८ मध्ये लोक पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर उतरले आणि सरकारला डिसेंबरमध्ये ती वाढ मागे घ्यावी लागली. कॅनडात बहुतेक रक्कम कुटुंबांना परत देण्याची सोय असूनही ग्राहकांवरचा कार्बन आकार एप्रिल २०२५ पासून बंद करावा लागला. ज्याला कामावर जायला गाडीशिवाय दुसरा मार्ग नाही, त्याच्या खिशाला हात घालायचा आणि पर्याय द्यायचा नाही, हे धोरण टिकत नाही. त्या माणसाचा राग खरा आहे. त्याच्याकडे ‘विज्ञान न मानणारा’ म्हणून बोट दाखवणं चूक आहे, आणि त्याने करावर चिडून कीलिंगचा आलेख खोटा ठरवणंही तितकंच चूक.

‘एवढी घाई कशाला? तंत्रज्ञान येईलच की!’

तंत्रज्ञान येतंय, हे खरं आहे. सौरवीज २०१० नंतरच्या दशकात ८० टक्क्यांहून जास्त स्वस्त झाली. पण ती आपोआप स्वस्त झाली नाही. काही देशांनी ती महाग असतानाच विकत घेतली, तिला अनुदानं दिली, त्यामुळे कारखाने वाढले आणि किंमत उतरली. थांबून वाट बघणाऱ्यांमुळे हे घडलं नाही. हवेतून कार्बन ओढून काढणारी यंत्रंही आहेत, पण त्यांची आजची क्षमता आणि आपले वर्षाचे ४० अब्ज टन यांची तुलनाच होऊ शकत नाही.

वाट बघण्याचा खर्चही मोजता येतो. वर्षाला ४० अब्ज टन, आणि १,००० अब्ज टनांमागे ०.४५ अंश. म्हणजे उत्सर्जन आजच्याच पातळीवर राहिलं आणि आपण दहा वर्षं वाद घालत बसलो, तर एकट्या कार्बन डायऑक्साइडमुळे सुमारे ०.१८ अंशांची भर पडेल. नंतर उत्सर्जन शून्यावर आणलं तरी ती उतरायला शतकं लागतील, कारण समुद्र आणि खडक हा वायू फार सावकाश परत घेतात.